बैल अंगावर घ्यायची नोकरी: लष्करातून रोडिओत निघालेल्या भाच्याबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही समजुतीची चूक झाली असेल तर तुम्हाला सांगता येईल. भाचा टेक्सासमध्येच जन्मला, तिथेच वाढला. वय २४. अमेरिकी लष्करात, पायदळात, चार वर्षं होत आली. सात-आठ महिन्यांत बाहेर पडेल आणि मग रोडिओत, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर बसायच्या काउबॉयांच्या स्पर्धांत, ‘बुलफायटर’ व्हायचं म्हणतोय. ताई रडतायत, दाजींनी त्याच्याशी बोलणं टाकलंय, आणि तुम्ही मामा म्हणून पुण्यात बसून बैलांनी माणसं उडवल्याचे व्हिडिओ बघताय. तुम्ही विचारलंय की हे करिअर आहे की खूळ, आणि लष्करातल्या वर्षांचा त्यात काही उपयोग होतो का.

मी कराडची. फिजिओथेरपी शिकून इकडे आले त्याला २२ वर्षं झाली. आठवडाभर माझ्याकडे बहुतेक माजी सैनिक येतात, गुडघे, पाठ, मान घेऊन. शनिवार-रविवारी, गेली १६ वर्षं, मी टेक्सासमधल्या लहानमोठ्या रोडिओंत दुखापती बघणाऱ्या माणसांबरोबर मैदानाच्या कडेला उभी असते. म्हणजे तुमच्या भाच्याच्या दोन्ही दुनियांत माझी ये-जा आहे. मात्र मी स्वतः कधी बैलापुढे उभी राहिलेली नाही. जे सांगते ते लोकांचे गुडघे बांधता बांधता कळलेलं.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘बुलफायटर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्पेन येतो, लाल कापड आणि तलवार. गोव्याच्या माणसाला धिरयो, म्हणजे बैलांची झुंज, आठवते. रोडिओतल्या बुलफायटरचा दोन्हींशी संबंध नाही. त्याच्या हातात काहीच नसतं. बैलाला मारायचं नसतं, इजाही करायची नसते. इथे उधळणाऱ्या बैलांची डीएनए तपासून वंशावळ ठेवतात, त्यांची खरेदी-विक्री मोठ्या रकमांत होते, आणि मैदानात सगळ्यात महाग कोण असं विचारलंत तर लोक हसून बैलाकडे बोट दाखवतात. बुलफायटरचं काम एवढंच: स्वार खाली पडला की तो उठून कठड्यावर चढेपर्यंत बैलाचं लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायचं. आपण मराठीत कुणाचं भांडण अंगावर घेतलं म्हणतो ना, ते इथे अक्षरशः.

(मी ‘बैल’ लिहितेय खरं, पण गावाकडचा माणूस मला हसेल. हे वळू असतात, खच्ची न केलेले, साधारण ७०० ते ९०० किलोंचे. सवयीने बैलच येतं तोंडात.)

हे काम जन्माला कसं आलं ते कळलं की त्याचा स्वभाव कळतो. शंभर वर्षांपूर्वी रोडिओत विदूषक असायचे, दोन स्पर्धांमधला रिकामा वेळ भरून काढायला. १९२० च्या दशकात बैलस्वारीसाठी ब्रह्मन रक्ताचे बैल येऊ लागले. त्याआधीची जनावरं स्वार पडला की आपल्या वाटेने निघून जायची. ब्रह्मन मात्र वळून पडलेल्या माणसावर यायचा. त्याला कुणीतरी भुलवायला हवं, आणि मैदानात मोकळा माणूस एकच होता. विदूषकाच्या गळ्यात हे काम असं पडलं. पुढे जॅस्बो फुल्करसन या विदूषकाने मैदानात पिंप आणलं, बैल आला की आत शिरायला. मग वॉशिंग्टन राज्यातल्या विक पेथने विदूषकी बाजूला ठेवली आणि सगळा भर पायांच्या कामावर दिला. आता ही दोन वेगळी माणसं असतात. पिंपवाला लोकांना हसवतो. बुलफायटर खिळ्यांचे बूट, आत पॅड, वर जर्सी घालून खेळाडूसारखा उतरतो. तोंडाला रंग फासलेला बुलफायटर आता क्वचितच दिसतो.

यातली एक गोष्ट मला अजून गंमतीची वाटते. ब्रह्मन ही जात अमेरिकेत तयार झाली ती भारतातून नेलेल्या गुरांपासून, आणि त्यांत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा व्हॅलीचं नाव घेतात. कृष्णाकाठची गुरं! मी पहिल्यांदा शूटवरून ओणवून एका बैलाचं वशिंड बघितलं (शूट म्हणजे बैल उभा करायचा लोखंडी पिंजरा) आणि नकळत बोलून गेले, “काय रे बाळा, कुठनं आलास?” त्याने उत्तरादाखल फाटकाला असं शिंग हाणलं की माझ्या हातातली टेपची रिळं खाली गेली.

आता मैदानातलं. स्वाराने आठ सेकंद टिकायचं असतं, एक हात दोरीत, दुसरा हवेत. प्रेक्षक ते आठ सेकंद बघतात. बुलफायटरचं खरं काम त्यानंतर असतं. १९८९ च्या ३० जुलैला वायोमिंगमधल्या शायेनच्या रोडिओत लेन फ्रॉस्ट हा जगज्जेता स्वार आठ सेकंद पुरे करून खाली उतरला होता. गुण मिळाले होते. त्यानंतर बैलाने त्याला पाठीत धडक दिली आणि तो गेला. वय २५. त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट याने पुढे संरक्षक व्हेस्ट बनवलं. आज स्वार आणि बुलफायटर दोघेही तसं व्हेस्ट घालतात. व्हिडिओ बघताना तुम्ही आठ सेकंदांची घंटा वाजल्यावर बंद करत असाल, तर तिथून पुढे बघा. भाच्याची नोकरी तिथे सुरू होते.

सगळी विद्या एका गोष्टीवर उभी आहे: चार पायांच्या जड जनावराला लहान गोल मारता येत नाही, दोन पायांच्या माणसाला येतो. सरळ रेषेत पळालात तर बैल गाठतोच. म्हणून बैलापासून लांब पळण्याऐवजी त्याच्या खांद्याला चिकटून, आतल्या बाजूने गोल फिरत राहायचं. एका बाजूला खांदा टाकायचा आणि दुसरीकडून निसटायचं, याला इंग्रजीत जे काही म्हणत असतील, पण हुतूतू खेळलेल्या माणसाला सांगायला नको: ती हूल. सराव कसा करतात माहीत आहे? एकचाकी ढकलगाडीला पुढे खरी शिंगं बसवतात. एक जण गाडी ढकलत अंगावर येतो, दुसरा हूल देत गोल फिरतो. लांबून बघितलं तर बेंदराच्या दिवशी गल्लीत बैल-बैल खेळणारी पोरं. असं महिनोन् महिने चालतं, आणि ज्याला याचा कंटाळा येतो तो पुढे माझ्याकडे लवकर येतो.

एक प्रसंग जरा जवळून सांगते. गेल्या उन्हाळ्यात एका छोट्या गावात स्वाराचा हात दोरीत अडकला. तो पडला तो बैलाच्या बाहेरच्या अंगाला, हात वर अडकलेला, अंग खाली लोंबतंय, आणि बैल डावीकडे भिंगरीसारखा फिरतोय. दोरीला वजनासाठी खाली घंटा असते, ती सारखी खणखणतेय. दोघे बुलफायटर एकाच वेळी निघाले. एक बैलाच्या तोंडाकडे गेला, म्हणजे बैलाने फिरणं सोडून त्याच्याकडे बघावं म्हणून. दुसरा थेट बैलाच्या खांद्यावर झेपावला आणि दोरीचं मोकळं टोक शोधू लागला, ते ओढलं की पकड सुटते. स्वाराला तो एकच वाक्य ओरडून सांगत होता, “पाय जमिनीवर ठेव.” सगळं मिळून पाच सेकंद गेले असतील. हात सुटला, स्वार कठड्यावर, बैल फाटकातून आत. दुसरा बुलफायटर चालत माझ्याकडे आला आणि उजवा हात पुढे केला. मधल्या बोटाचं नख मुळापासून उपटलेलं. म्हणाला, “बांध पटकन, अजून चार बैल आहेत.” त्या दोघांत आधी एक शब्द बोलणं झालं नव्हतं. डोकं कुणाचं, हात कुणाचा, हे त्यांचं ठरलेलं होतं.

आता पैसा, कारण दाजींचा प्रश्न तोच असणार. पगार नाही. बुलफायटर हा स्वतंत्र कंत्राटावर काम करणारा माणूस. तमाशाच्या फडाला जत्रेची सुपारी मिळते, तसंच. सुपारी देणारा म्हणजे बैल पुरवणारा ठेकेदार किंवा गावची रोडिओ कमिटी. हिशोब खेळागणिक. लहान गावात एका रात्रीचे काहीशे डॉलर, आणि त्यातून डिझेल, मोटेल, जेवण, टेप सगळं स्वतःचं. चार जुलैच्या आसपास इतके रोडिओ एकदम येतात की त्या दिवसांना ‘काउबॉय ख्रिसमस’ म्हणतात, आपल्याकडे चैत्रातल्या यात्रांसारखं. थंडीत हात रिकामे. माझ्या ओळखीचे बहुतेक बुलफायटर दुसरा धंदा धरून आहेत: घोड्यांना नाल ठोकणं, वेल्डिंग, रँचवरची कामं. फक्त या कामावर घर चालवणारे आहेत, पण ते बोटांवर मोजण्याइतके, आणि तिथे पोचायला वर्षं जातात.

वर चढायची वाट साधारण अशी असते. आधी सरावाच्या पेनमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी रँचवरच्या छोट्या रिंगणात, फुकट काम. मधे चार-दोन दिवसांची शिबिरं. मग गावोगावचे हौशी रोडिओ. मग पीआरसीए, म्हणजे व्यावसायिक रोडिओ काउबॉयांची संघटना, तिचं कार्ड. या संघटनेचं मूळ १९३६ मध्ये बॉस्टनला काउबॉयांनी बक्षिसाच्या पैशांवरून केलेल्या संपात आहे, म्हणजे मजुरीवरून भांडण्याची परंपरा जुनी. कार्डाआधी जाणत्या लोकांनी तुमचं काम पाहून तुमच्यासाठी शब्द टाकायला हवा. बैलस्वारांची वेगळी संघटना पीबीआर, ती १९९२ मध्ये वीसेक स्वारांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून उभी केली. तिच्या मोठ्या स्पर्धांत एका वेळी तीन बुलफायटर असतात.

सगळ्यात वरची पायरी म्हणजे पीआरसीएची डिसेंबरातली राष्ट्रीय अंतिम स्पर्धा. १९५९ पासून ती भरते, १९८५ पासून (२०२० सोडून) लास व्हेगासला. दहा रात्री, रोज १५ बैलस्वार. तिथले बुलफायटर कोण निवडतं? आघाडीचे बैलस्वार मत देऊन निवडतात. ज्यांचा जीव वाचवायचा तेच ठरवतात कुणी वाचवायचा. मला या धंद्यातली ही सगळ्यात स्वच्छ गोष्ट वाटते. ओळखपाळख, इन्स्टाग्राम, बापाचं नाव, काही चालत नाही. गेल्या वर्षभरात कोण बैल आणि माझ्यामध्ये आला, एवढंच त्या पोरांच्या लक्षात असतं.

भाच्याला एक नक्की विचारा: त्याच्या डोक्यात हे रक्षणाचं काम आहे की फ्रीस्टाइल? कारण व्हिडिओंत बहुधा फ्रीस्टाइल दिसतं. त्यात स्वार नसतोच. एक माणूस, एक हलका, चपळ, लढाऊ रक्ताचा बैल, ६० सेकंद, आणि गुण. बैलावरून उड्या मारतात, अगदी अंगाला घासून फिरतात. १९८१ ते २००० या काळात अशा स्पर्धांची एक मोठी मालिका होती, रॉब स्मेट्स ती पाच वेळा जिंकला, आणि मान मोडूनही तो माणूस परत उतरला. २०१५ पासून बुलफायटर्स ओन्ली या संस्थेने तो प्रकार पुन्हा जोरात आणला. दोन्ही करणारे लोक आहेत. माझं स्पष्ट मत विचाराल तर लष्करातून आलेल्या मुलाचा पिंड रक्षणाच्या कामाला जास्त जुळतो. फ्रीस्टाइलमध्ये टाळ्यांची सवय लागते, आणि टाळ्या मिळतात त्या बैल जितका जवळ तितक्या जास्त.

लष्कराचा उपयोग होतो का? होतो, पण लोकांना वाटतो तिथे नाही. धाडस तर शाळा सोडून आलेल्या अठरा वर्षांच्या पोरातही भरपूर असतं, किंबहुना नको इतकं असतं. लष्करातून आलेल्याला वेगळंच काही येतं. माझा भाग कुठला, जोडीदाराचा कुठला, हे न बोलता पाळता येतं. काम झाल्यावर बसून, कुणाला न दुखवता, काय चुकलं ते बोलता येतं. चांगले बुलफायटर रात्री मोटेलवर फोनमध्ये स्वतःचेच व्हिडिओ असे बघतात. आणि वेळेवर येणं. हसू नका, ठेकेदार याच्यावरच पुढची सुपारी देतो. एक गोष्ट मात्र उलटी शिकावी लागते. सैन्यात गोळीबार सुरू झाला की आड घ्यायला शिकवतात. इथे आड म्हणजे तूच. माझ्याकडे आलेल्या एका माजी सैनिकाने सांगितलं होतं की पहिले सहा महिने त्याचं अंग बैल वळला की आपोआप खाली झुकायचं.

या दोन दुनियांचं नातं नवीनही नाही. सैन्यातल्या लोकांचे स्वतःचे रोडिओ भरतात, प्रोफेशनल आर्म्ड फोर्सेस रोडिओ असोसिएशन नावाची संघटनाच आहे. भाच्याने तिथून सुरुवात केली तर निदान त्याची भाषा बोलणारी माणसं भेटतील. फ्रेकल्स ब्राऊन हा बैलस्वार दुसऱ्या महायुद्धात लष्करात होता. त्याने १९६७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, टॉर्नेडो नावाच्या तोवर कुणालाच न टिकू दिलेल्या बैलावर आठ सेकंद काढले. आणि स्लिम पिकन्सचा किस्सा तर मी प्रत्येक नव्या पोराला सांगते. कॅलिफोर्नियातला हा माणूस रोडिओचा विदूषक आणि बुलफायटर. महायुद्धात भरतीला गेला. धंदा काय विचारल्यावर म्हणाला ‘रोडिओ’. कारकुनाने ऐकलं ‘रेडिओ’. स्वारीने अख्खं युद्ध अमेरिकेतच एका रेडिओ केंद्रावर काढलं! परत येऊन पुन्हा बैलांपुढे उभा राहिला, मग सिनेमात गेला, आणि १९६४ च्या एका गाजलेल्या चित्रपटात अणुबाँबवर घोड्यासारखा बसून खाली जाणारा वैमानिक म्हणून जगाच्या लक्षात राहिला. हाडं जागेवर असताना दुसरा धंदा शोधणारा शहाणा माणूस, असं मी त्याच्याबद्दल पोरांना सांगते.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. लष्कर माणसाला दुखणं लपवायला शिकवतं. मुद्दाम नाही, पण तुकडी थांबू नये म्हणून दात-ओठ खाऊन चालत राहायची सवय लागते. तीस-चाळीस किलोंचं ओझं पाठीवर घेऊन केलेल्या मार्चने गुडघे आणि कंबर आधीच झिजलेली असतात. आणि डोकं. स्फोटाच्या जवळ असणं, जड शस्त्रांच्या सरावातले धक्के, गाडी उलटणं, यातल्या कितीतरी हादऱ्यांची कुठे नोंदच नसते. त्यावर बैलाचा हादरा पडला की हिशोब वेगळा होतो.

इथे माझी चूक सांगते. आठेक वर्षांपूर्वी एका गावच्या मैदानावर एक बुलफायटर होता, आधी मरीन दलात असलेला. बैलाने त्याला बाजूने उडवलं. उठला, हसला, कठड्याशी आला. मी विचारलं, “डोकं?” म्हणाला, “ठीक.” मग त्याने विचारलं, कितवा बैल चाललाय. मी सांगितलं. दोन मिनिटांनी त्याने परत तेच विचारलं. मैदानात स्पीकरचा गोंगाट होता, मला वाटलं पहिल्यांदा ऐकू आलं नसेल. मी जाऊ दिलं. तिसऱ्या बैलाला तो जोडीदाराच्याच बाजूला गेला, ज्या बाजूला तो कधीच जात नसे. दोन बरगड्या आणि गळ्याचं हाड मोडलं. स्वार सुखरूप होता, कारण जोडीदाराने दोघांचं काम केलं. पुढे तो माझ्याकडे उपचाराला आला तेव्हा गप्पांतून कळलं की परदेशात त्याच्या गाडीजवळ दोनदा स्फोट झाले होते आणि त्याने ते कधी कुणाला लिहून दिलं नव्हतं. त्या रात्रीपासून माझा नियम आहे. एकच प्रश्न दोनदा विचारणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याचे बूट काढून घेते. मोज्यांवर कुणी बैलापुढे जात नाही.

म्हणून भाच्याला मी एकच परीक्षा घालीन, आणि ती बैलाची नाही. आजवर डोक्याला किती हादरे बसले, याचा खरा आकडा तो सांगतो का? शाळेतल्या फुटबॉलपासून धरून. सांगितला, तर हे पोरगं या धंद्यात टिकू शकेल. हसून विषय बदलला, तर मला त्याची भीती वाटेल, मग तो कितीही चपळ असो.

तुम्ही सात-आठ महिने लिहिलेत ते फार बरं झालं, कारण काही कामं गणवेश अंगात असतानाच होतात. पहिलं म्हणजे दुखण्यांची नोंद. गुडघा, पाठ, कान, डोकं, सगळं लष्करी डॉक्टरकडे जाऊन कागदावर आणायचं. माजी सैनिकांच्या खात्याकडे भरपाईचा दावा लष्करातून सुटायच्या तारखेआधी १८० ते ९० दिवसांच्या खिडकीत दाखल करता येतो. हे आत्ता केलं नाही आणि वर्षभराने बैलाने गुडघा मोडला, तर लष्करातली झीज कुठली आणि बैलाने दिलेली कुठली हे सिद्ध करत बसावं लागेल. तो तैनातीवर परदेशी गेला असेल तर जाण्याआधी त्याची संगणकावर लक्ष आणि स्मरणाची चाचणी झालेली असणार, २००८ पासून ती घेतात. तिचा निकाल मागून ठेवा. पुढे कधी डोक्याला लागलं तर माझ्यासारखीला तुलना करायला ते सोनं असतं.

दुसरं, शेवटच्या १८० दिवसांत, वरिष्ठांनी परवानगी दिली तर, बाहेरचं काम शिकायची स्किलब्रिज नावाची सोय आहे. त्यात वेल्डिंगसारखा हात चालवायचा धंदा शिकून घेतला तर थंडीतले रिकामे महिने भागतात. आणि तोवर सुटीच्या दिवशी चोरून बैलांपुढे जाऊ नको म्हणावं. नोकरीत असताना बाहेरच्या कामाला वरिष्ठांची परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय मोडलेल्या पायाची चौकशी दुखण्यापेक्षा वाईट.

तिसरं मी मनापासून सुचवते. लष्करात तीन वर्षं किंवा जास्त काढलेल्याला जीआय बिल या सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून ३६ महिन्यांचं शिक्षण मिळतं, वर राहण्याचा भत्ता. स्टीफनव्हिल या टेक्सासमधल्या गावात टार्लटन स्टेट विद्यापीठ आहे, रोडिओसाठी नावाजलेलं, आणि आजूबाजूला सरावाची रिंगणं भरपूर. कॉलेजातली पोरं संध्याकाळी बैलस्वारीचा सराव करतात आणि त्यांना बुलफायटर लागतोच लागतो. भाडं सरकार भरतंय, दिवसा वर्ग, संध्याकाळी पाच-पंधरा बैल. तीन वर्षांत त्याच्या पायांना इतका सराव होईल की जितका पैसे मागत गावोगाव फिरून दहा वर्षांत होणार नाही. आणि जमलं नाही तर हातात पदवी. दाजी यावर बोलायला लागतील असा माझा अंदाज आहे.

विम्याचं विसरू नका. मोठ्या संघटनांच्या सभासदांना मैदानातल्या अपघातापुरतं काहीतरी संरक्षण असतं, पण सुरुवातीची वर्षं जातात त्या सरावाच्या रिंगणांत आणि गावच्या रोडिओंत तुमचा तुम्हीच. त्याचा आरोग्य विमा चालू आहे, आणि जोखमीचे खेळ त्यातून वगळलेले नाहीत, हे कागद वाचून बघा. सांगीवांगी नको.

आता जे मला इथून सांगता येणार नाही ते. त्याला बैलाची भाषा येते का? रँचवर गुरांत वाढलेला असेल तर बैलाचा कान आणि खांदा बघून त्याला पुढची हालचाल कळेल. शहरात वाढलेला असेल तर आधी वर्षभर गुरांमागे काम करू दे, शेण काढू दे. त्याची उंची-वजन, गुडघे, लग्नाचा विचार, या सगळ्यावर अवलंबून आहे. जनावरांवर अन्याय होतो की नाही हाही प्रश्न घरात निघेल. त्यावर लोकांची मतं टोकाची आहेत, माझीही दर दोन वर्षांनी थोडी हलतात. पण बैलाने उधळावं म्हणून जो कमरेचा पट्टा असतो तो त्याच्या नाजूक भागाला बांधतात हे खोटं आहे, तो पोटाच्या मागल्या बाजूने बांधलेला असतो. एवढं निदान खरं धरून वाद घाला.

आणि तुम्ही शेवटी विचारलंत, ताईंनी बघायला जावं का. जावं. पहिल्यांदा मोठ्या स्टेडियमला नको, एखाद्या गुरुवारी सरावाच्या रिंगणात. पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून, धुळीत. मी ज्या रिंगणावर जाते तिथे एका बुलफायटरची आई दर आठवड्याला येते, थर्मास घेऊन. सहा वर्षं मी तिला बघतेय. ती आठ सेकंद मोजत नाही, स्वाराकडे बघतही नाही. पोरगा बैलाच्या खांद्याशी फिरत असतो आणि तिचा हात थर्मासच्या झाकणावर असतो. बैल आत गेला, फाटकाचा लोखंडी आवाज झाला, की झाकण फिरवते आणि कपात कॉफी ओतते. मग पुढच्या बैलाचं नाव पुकारतात, आणि ती कप खाली ठेवून पुन्हा झाकणावर हात ठेवते. ताई आल्या तर त्यांना तिच्या शेजारची खुर्ची द्यायला सांगेन.